देणगीदार बाईंची खुर्ची

"काढा त्या गोण्या! आत्ताच्या आत्ता!" डॉक्टर रिंकोन कडाडले.

यिरलेसा, तिचा चुलतभाऊ येफर आणि शेजारची छोटी मारिलुस जागच्या जागी थिजली. ऑक्टोबरच्या सुट्टीत बाकीची पोरं नदीत डुंबत होती, आणि हे तिघं पहाटेपासून कासवांच्या घरट्यांच्या कुंपणापुढे वाळूच्या गोण्यांचा बांध रचत होते.

"पण डॉक्टर, आज वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण! साडेचारला पाणी इथे येणार!" यिरलेसा म्हणाली.

"आराखड्यात भरतीची रेषा वीस पावलं खाली आहे. आणि आराखडा मंजूर झालाय! चारला देणगीदार बाई येतायत. फोटोत त्यांना गोणपाटं दाखवू?"

हे औषध देणारे डॉक्टर नव्हेत, कासवं वाचवणाऱ्या संस्थेचे साहेब. राजधानीहून, बोगोताहून, वर्षातून दोनदा उगवायचे. त्यांच्या माणसांनी किनारा मोजला तो भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, समुद्र अंग चोरून लांब बसलेला असताना! गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना हसलं असतं. पण विचारतो कोण?

कुंपणाआड बासष्ट घरटी होती. प्रत्येक खड्डा यिरलेसाच्या बाबांनी हातानं खणलेला. एके काळी तेच अंडी विकायचे, आता राखणदार झाले होते. खारं पाणी शिरलं की पिल्लं अंड्यातच गुदमरणार होती.

"बाबा, तुम्ही सांगा ना!"

बाबांनी मान खाली घातली. "साहेबांपुढे काय बोलू, पोरी? नोकरी जाईल."

यिरलेसाला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"उभे काय राहिलात? खुर्च्या मांडा!" डॉक्टरांनी फर्मावलं.

"मांडतो की!" येफर एकदम गोड आवाजात म्हणाला. यिरलेसानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तिघांनी गोण्या होड्यांमागे नेऊन रचल्या. मग खुर्च्या मांडल्या, अगदी कुंपणाच्या रेषेत, समुद्राकडे पाठ करून.

चार वाजता देणगीदार सोलेदाद बाई आल्या. मारिलुसनं त्यांना बोरोहो फळाचं सरबत दिलं. डॉक्टर कागदात डोकं खुपसून वाचू लागले, "या वर्षी आपण सहा हजार अंडी पुरली..."

लाट आली, मागे गेली. पुढची हातभर वर आली. यिरलेसा लाटा मोजू लागली.

"अजून किती?" मारिलुस कुजबुजली.

"गप! आली बघ!"

"अगं बाई!" सोलेदाद बाई ताडकन उठल्या. बूट भिजून चिंब! "डॉक्टर, हे पाणी तुमच्या आराखड्यात कुठे आहे?"

यिरलेसा पुढे झाली. "बाई, घरटी तुमच्या खुर्चीच्या पातळीलाच आहेत! होड्यांमागे गोण्या भरलेल्या आहेत. फक्त हात हवेत!"

"ए, तू मध्ये बोलू नकोस—" डॉक्टर गरजले.

"तुम्हीच बोलू नका. गोणी उचला!" बाई म्हणाल्या.

सगळ्यांत आधी बाबा धावले. मागोमाग समारंभाला जमलेला सारा गाव. गोणीवर गोणी चढू लागली. लाटा बांधावर आदळत होत्या. इतक्यात एक कोपरा ढासळला! बाबांनी आणि यिरलेसानं तिथे पाठी लावल्या, येफरनं वाळू लोटली. डॉक्टरांचे पांढरे कपडे चिखलानं माखले. एकेक मिनिट तासासारखं वाटत होतं.

"थांबलं! पाणी थांबलं!" मारिलुस किंचाळली.

उधाण ओसरू लागलं. एकाही घरट्यात पाणी शिरलं नव्हतं.

सोलेदाद बाई धापा टाकत वाळूतच बसल्या. "डॉक्टर, पुढच्या वर्षीपासून किती अंडी पुरली ते मला सांगू नका. किती पिल्लं समुद्रात पोचली ते सांगा. आणि नवा आराखडा इथेच बसून करायचा, उधाणाच्या दिवशी, या लोकांना विचारून! शाब्बास रे पोरांनो!"

डॉक्टर पुटपुटले, "चूक झाली माझी."

बाबांनी यिरलेसाच्या केसांतली वाळू झटकली. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मला सकाळपासून सगळं ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. माझी लेक नाही बसली!"