गुरुवारचा चमचा

दवाखान्यात झुंबरनं औषध थुंकलं ते थेट एका परक्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर. चार वर्षांची पोर, अंगात हिवताप, आणि दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या तिच्या आईनं, तानुबाईनं, तिला दोन्ही हातांनी आवळून धरलेलं.

"माफ करा हं," नर्स चांगुणा म्हणाली. "पट्टी बांधायला आलात नि…"

"असू द्या. ही गोळी आमच्याच कारखान्याची आहे."

"मग योग्य जागी पडली!"

तो हसला. मोतीराम. सातपूरच्या कारखान्यातला केमिस्ट, मूळचा कळवणचा. दवाखान्याला गोळ्या पोचवायला आलेला, नि बाटलीच्या काचेनं बोट कापलेलं. पट्टी बांधता बांधता चांगुणानं सुनावलं, "मोठ्यांची गोळी खलात कुटायची, नि नाक दाबून लेकराच्या घशात ओतायची. याला औषध म्हणता? तुमच्या साहेबांना पाजा एकदा."

ही सत्त्याहत्तर सालातली गोष्ट. त्यानंतर दर गुरुवारी तो नमुन्याची तपकिरी बाटली घेऊन दवाखान्यात येऊ लागला. चांगुणाचा नियम असा, की आपण चाखलं नाही ते पोराला द्यायचं नाही. थेंबभर जिभेवर घ्यायची, डोळे मिटायची… आणि तो तिच्या मिटल्या पापण्यांकडे बघत राहायचा.

"कडू."

"साखर दुप्पट घातलीय."

"साखर आधी जाते. कडू मागं राहतं."

स्वतः चाखताना मात्र मोतीराम खिशातून आपला चमचा काढायचा.

"तुझा चमचा नको असेल त्याला," मदतनीस यशोदाबाई एकदा म्हणाली. "तू बुद्धविहारामागची पोर, ते कळवणचे पाटील."

चांगुणा चमचे घासत राहिली. राग आला, आणि रागाच्या पोटात पुन्हा गुरुवारची वाट. मेली वाट!

एका गुरुवारी त्यानं पाहिलं, झुंबरला गोळी देण्याआधी चांगुणा तिच्या जिभेवर तूप फिरवत होती.

"आमच्या आईची युक्ती. कडू जिभेला भिडूच द्यायचं नाही."

तो ताडकन उठला. "म्हणजे विरघळूच द्यायचं नाही! विरघळलं की जीभ ओळखते!" आणि गेलाच.

चार गुरुवार कोरडे गेले. पाचव्याला आला, दाढी वाढलेली. दुधासारखं दाट, तोंडात न विरघळणारं, हलवून घ्यायचं औषध. डॉक्टरांनी कागद तपासून होकार दिला. चांगुणानं थेंब जिभेवर घेतला. संत्र्याची चव. कडू नव्हतंच.

एक क्षण वाटलं, कडू म्हणावं… पुढचा गुरुवार तरी उरेल. पण समोर झुंबर, ताप उलटलेली, डोळे लाल.

"चांगलंय," ती म्हणाली.

झुंबरनं दुसऱ्या चमच्यातलं औषध चाटूनपुसून घेतलं. वर म्हणाली, "आजून!"

"अगं, औषध हाय ते!" तानुबाई हसता हसता रडली.

मोतीरामनं वही मिटली. "संपलं म्हणायचं काम."

"संपलं. तुमचा चमचा तेवढा घेऊन जा."

तो थबकला. "पहिल्या दिवशी… खरंच तेच मनात होतं. घरची सवय. मग लाज वाटली, आणि लाजेपायी काढतच राहिलो."

"खोटं बोलला असतात तर बाटली डोक्यात घातली असती."

त्यानं चांगुणानं चाखलेला चमचा उचलला, राहिलेला थेंब चाटला. यशोदाबाईचा हात तोंडाशी गेला.

"दवाखान्यात सोपं असतं," चांगुणा म्हणाली. "कळवणला, आईसमोर?"

"विचारायला नाही जात. सांगायला जातोय." तोच चमचा त्यानं खिशात घातला.

दाराकडे बघायचं नाही असं ठरवून चांगुणा आठ दिवस तिकडेच बघत होती. गुरुवारी दुपारी उंबऱ्यावर सावली पडली. हातात बाटली नव्हती.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. काल ताट वाढलं नाही."

"म्हणजे कालपासून उपाशी?"

"हं."

"वेडा माणूस!"

तिनं आपला डबा उघडला. खिचडी होती. त्यानं खिशात हात घालून तिचा चमचा काढला.

दोघांत तो एकच.