चौथ्या मजल्यावरची टोपली

आधीच सांगून ठेवतो, ही ऐकीव गोष्ट नाही.

ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच थांबा. असुंता माझी सख्खी मावशी. एर्सिलिया माझी मावसबहीण. आणि ती गल्ली आजही तिथेच आहे... जुन्या नेपल्समध्ये, हातमोजे शिवणाऱ्यांची गल्ली.

दिवस पंधरा ऑगस्टचा. मरियामातेचा सण.

रात्र नव्हती बरं का. टळटळीत दुपार होती.

आमच्याकडे जेवणानंतरच्या त्या वेळेला कोंत्रोरा म्हणतात. दारं बंद, खिडक्या बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. म्हातारी माणसं म्हणतात, ही वेळ आपली नाही, त्यांची आहे. ‘त्यांची’ म्हणजे कोणाची, ते कोणी सांगत नाही.

मावशीकडे जेवणं उरकत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात एक पर्यटक बाई. डोक्यावर गवती हॅट, हातात काही नाही. पुस्तकात असतं तसं शुद्ध इटालियन बोलत होती. संध्याकाळी जहाज सुटणार, त्याआधी हे प्राचीन शहर बघायचंय, कोणी दाखवेल का?

एर्सिलियाला गाईड होऊन जेमतेम महिना झाला होता. ती ताटावरून उठलीच.

"या वेळेला?" मावशी कडाडली. "अगं, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही आत्ता!"

"आई, बिचारी एकटी आहे गं. जहाज काय तुझ्या झोपेसाठी थांबणारे?"

"कोंत्रोरेत कोणी बाहेर पडतं का?"

"तुझी कोंत्रोरा घाल चुलीत!" हसत तिने आईचा गाल ओढला, बाईला भूक लागली तर म्हणून अर्धा पाव पिशवीत टाकला आणि गेली.

तो गाल मावशी अजून चाचपते. बोलता बोलता हात तिकडे जातो.

मावशी आडवी झाली, पण डोळा लागेना. बंद खिडकीतून गल्लीतले आवाज येत होते. आधी दोघींची पावलं. मग त्या बाईचा आवाज...

"किती सुंदर! किती जुनं! आणि हे वाळत घातलेले कपडे, अगदी चित्रात असतात तसे!"

मावशीला हसू आलं. आमची धुणी बघायला लोक समुद्र ओलांडून येतात.

"आणि ती समोरची बाल्कनी! लाल फुलांच्या कुंड्या... त्या आजीबाई हात करतायत बघा आपल्याला!"

"कुठे?" एर्सिलियाने विचारलं.

"ती काय... चौथ्या मजल्यावर."

मावशी ताडकन उठून बसली.

समोरच्या इमारतीला चौथा मजला नाही.

म्हणजे होता. ऐंशी सालच्या भूकंपात कोसळला, तेव्हा मावशी लहान होती. वर दोन्ना ब्रिजिदा नावाची म्हातारी राहायची. बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडायची, आणि मावशी तीत पाव ठेवायची. आमच्याकडे रीतच आहे ती. वरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टोपली सोडायची, खाली असेल त्याने भरायची. टोपली रिकामी वर पाठवायची नाही, आणि पाव उलटा ठेवायचा नाही, अपशकुन असतो. मावशीने एर्सिलियालाही पाळण्यात असल्यापासून हेच शिकवलेलं.

भूकंपात मजला पडला, तेव्हा म्हातारी वरच होती.

 बाहेरून एर्सिलियाचा आवाज आला, एकदम हळू...

"हो की. दिसल्या."

मावशीने खिडकीची झडप उघडली.

गल्लीत दोघी उभ्या होत्या, माना वर करून. आणि वरून एक टोपली खाली येत होती... डुलत डुलत. तिची दोरी तिसऱ्या मजल्याच्याही वर गेली होती. तिथे नुसतं ऊन होतं. दोरी उन्हातून येत होती.

"हात लावू नकोस!" मावशी ओरडली.

ओरडली असं तिला वाटलं. घशातून हवा निघाली फक्त.

एर्सिलियाने पिशवीतून पाव काढला. आईने शिकवलं होतं तसा नीट, उलटा न ठेवता, टोपलीत ठेवला.

मावशी दाराकडे धावली. कडी निघेना. रोज दहादा काढायची कडी, पण त्या दिवशी निघेना! दातओठ खात तिने ओढली, नख उखडलं, आणि ती अनवाणी बाहेर आली.

गल्ली रिकामी होती.

एर्सिलिया नाही. बाई नाही. वर कुठेतरी टोपलीच्या दोरीची कप्पी कुरकुरत होती... आणि मग तीही थांबली.

मावशी समोरच्या जिन्यात घुसली. तिसऱ्या मजल्याला जिना संपतो. पुढे भूकंपानंतर बांधलेली विटांची भिंत आहे.

त्या भिंतीमागून आवाज येत होता.

"इकडे डावीकडे बघा, इथून समुद्र दिसतो..." एर्सिलिया. गाईडचा आवाज लावून.

"अप्रतिम! आणि अजून वर काय आहे?"

"चला ना, दाखवते."

"एर्सिलिया!" मावशी भिंतीवर मुठी आपटू लागली. "अगं खाली ये! तुझी आई हाक मारतेय! बाई, तुम्ही हवं तेवढं बघा हो, मी दाखवते, मला घ्या, तिला सोडा! लेकरू आहे ते माझं!"

शेजारचं दार उघडलं. म्हातारा अनिएल्लो बनियनवर बाहेर आला, झोपमोड झाल्यामुळे चिडलेला.

"असुंता, वेड लागलं का? भिंतीला काय मारतेस? तिच्यापलीकडे हवा आहे, हवा!"

"कान लाव. तुझ्या पाया पडते अनिएल्लो, कान लाव!"

त्याने कान लावला.

 त्याने छातीवर क्रूस काढला, घरात गेला आणि कडी लावली. मावशीने कितीही दार ठोठावलं तरी उघडलं नाही. आजही तो त्या दुपारी झोपलो होतो म्हणतो.

त्या दिवशी आम्ही सगळे धावलो. मी स्वतः शेजारच्या गच्चीवर चढलो, पलीकडून वाकून पाहिलं. अनिएल्लो म्हणतो ते खरं आहे. पलीकडे हवा आहे. पोलीस आले, बंदरावर चौकशी केली. त्या संध्याकाळी एकही जहाज सुटणार नव्हतं.

मावशी मात्र भिंतीपासून हलेना. हाताची सालटं निघाली, आवाज बसला, तरी हाका चालूच. मी तिला अक्षरशः उचलून खाली आणलं.

देवळात संध्याकाळची घंटा झाली, तेव्हा गल्लीच्या टोकाकडून कोणीतरी चालत आलं.

एर्सिलिया होती.

मावशी धावली, गळ्यात पडली, रडली, हसली, तिच्या पाठीत धपाटेही घातले. "कुठे मेली होतीस गं? जीव गेला ना माझा!"

एर्सिलिया शांत उभी होती. डोक्यावर गवती हॅट होती.

तिने मावशीचे हात अलगद सोडवले. मावशीच्या घराच्या दाराकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे कौतुकाने पाहिलं. मग पुस्तकात असतं तसं शुद्ध इटालियन बोलली...

"किती सुंदर! तुम्ही इथेच राहता का?"

डॉक्टर झाले, फादर झाले. ती आजारी नाही. खाते, झोपते, गोड बोलते. मावशी तिला रोज घर दाखवते. हा तुझा पलंग. हा तुझा लहानपणीचा फोटो. ती प्रत्येक वस्तू न्याहाळते, म्हणते, "किती गोड मुलगी! कोण ही?" आणि दुपार झाली की जहाजाची वेळ विचारते.

वर्षं झाली याला. मी मावशीला म्हटलं, चल, घर बदलू. या गल्लीचं तोंडही बघायला नको.

तिने मान हलवली. म्हणाली, "दुपारी ये. मग बोल."

मी गेल्या ऑगस्टमध्ये गेलो. कोंत्रोरा लागली. गल्ली ओस. मावशी पाव, चीज आणि पिकलेलं अंजीर घेऊन दारात उभी होती.

आधी कप्पीचा आवाज आला.

मग वरून, त्या रिकाम्या उन्हातून... मी लहानपणापासून ओळखतो तो आवाज. थकलेला. रडवेला.

"आई... सोडते हं टोपली."

टोपली आली. मावशीने पाव नीट, उलटा न ठेवता ठेवला. वर चीज, वर अंजीर. मान वर करून म्हणाली, "सावकाश खा गं राणी." दोरी वर गेली.

मागे दारात पाऊल वाजलं. गवती हॅट घालून ती उभी होती, माझ्या बहिणीच्या चेहऱ्याने हसत.

"काय छान रीत आहे तुमची! रोज कोणासाठी भरता?"

मावशीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या मुलीसाठी," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्या गल्लीत दुपारी गेलो नाही. पण मावशी थकलीये आता. परवा फोनवर विचारत होती, "मी गेल्यावर पाव कोण ठेवेल रे?"