दोरीच्या पुढच्या टोकाला

आजवर चार गाड्या वापरल्या मी. तिघींबद्दल दोन वाक्यंसुद्धा सुचत नाहीत. पण पहिली, ती निळी... ती आमच्या डोंगरातल्या तू-आशू नावाच्या खिंडीत वाफ सोडत बंद पडली, आणि मागून एक पांढरी जर्मन गाडी येऊन थांबली.

खिंडीत कुणी अडलं की सगळेच थांबतात. उतरलेला पोरगा किडकिडीत होता. पापण्यांवर बर्फाची भुरभुर. त्यानं डिकीतून दोरी काढली.

"मी तालाय. खालच्या गावातला. बांधून नेतो, घरी अवजारं आहेत."

"नको."

"का?"

"बांधलं की तू नेशील तिकडे यावं लागेल."

आमच्याकडे मुलगी पळवून आणतात आणि त्याला रीत म्हणतात. मी चोरी म्हणते. माझी थोरली बहीण अशाच एका भल्या माणसाच्या गाडीत बसली होती. परत आली ती पाहुणी म्हणून.

तालायनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "माझी गाडी तू चालव. मी मागे तुझ्या गाडीत बसतो. नेशील तिकडे येतो."

"शहरात नेऊन विकली तर?"

"गाडी की मला?"

मी हसू दाबलं. उतारभर आरशात बघत राहिले — प्रत्येक वळणावर तो हात हलवत होता, वेडा! शहराचा फाटा आला. मी वळले नाही. त्याच्या गावात शिरले.

आणि तिथंच घोळ झाला. पोराच्या गाडीतून परकी मुलगी येताना दिसली, आणि त्याची आई पांढरा रुमाल घेऊन धावत सुटली. मागून शेजारणी. तो रुमाल डोक्यावर पडला की मुलगी त्या घरची. मग ती रडो, ओरडो, कुणी ऐकत नाही.

मी काच खाली करून ओरडले, "मावशी, त्यानं मला नाही आणलं! मी त्याला आणलंय! मागे बघा, बांधलाय!"

शेजारणी फिदीफिदी हसल्या. आई मात्र हटेना. "दारात आलीयस ना पोरी, आता राहा की."

तालाय पुढे आला. आईच्या हातातून रुमाल घेतला आणि — टर्रकन फाडला. निळीचं बॉनेट उघडून फुटलेली नळी त्यानं करकचून बांधली. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

"अरे मेल्या, सुनेसाठी जपला होता तो!" आई कळवळली.

"कनिशाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हळू चालव. शहर गाठशील."

"माझं नाव कसं कळलं?"

"गाडीच्या कागदांवर होतं. मागे बसून दुसरं काय करणार?"

"एवढंच बोलायचंय?"

"बोलायचं बरंच आहे गं... पण आज बोललो तर तुला वाटेल, मीही अडवतोय."

मी गेले. आरशात बघायचं नाही ठरवलं होतं. बघितलं.

हिवाळाभर त्याच्या गावचा रस्ता बर्फानं बंद. निळी भंगारात गेली, जुनी लाल जपानी घेतली. रस्ता उघडला त्याच दिवशी तिच्यातून त्याच्या अंगणात उतरले. तालाय घोडीचं दूध काढत होता. बादली कलंडली.

"पुन्हा बिघडली?"

"नाही. धडधाकट आहे, टाकीही भरलेली आहे. वाटलं तर आत्ता परत जाईन."

"मग... आलीस कशाला?"

"तुझ्यासाठी, मूर्खा."