बंद गाडीचं रीडिंग

गेली अकरा वर्षं ती घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत होती. आताच्या आकड्यातून मागचा आकडा वजा केला की उरतं ते वापरलेलं, इतकं सरळ गणित. तरी दर महिन्याला कुणीतरी दारात उभं राहून म्हणायचंच, "बाई, तुमचं वाचायला चुकलंय." एकदाही चुकलं नव्हतं. त्यामुळे माणसांवर तिचा विश्वास कमी आणि आकड्यांवर फार.

आईला उडवणारा ड्रायव्हर म्हणे चाळीसच्या वेगानं होता. म्हातारीच मध्ये आली, असं त्यानं जबाबात लिहून दिलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा! आईला उडवून गाडी खांबावर आदळली, तेव्हा वेगाचा काटा पंचाण्णववर अडकला तो अडकलाच. आईचा पाय गुडघ्यापासून गेला आणि याच्या कपाळाला दोन टाके. नुसतं आठवलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"काट्याचा फोटो आणा," वकील म्हणाले. "खालचा किलोमीटरचा आकडाही दिसू दे. खटला त्या काट्यावरच उभा आहे."

सोमवारी चार वाजता ती जप्त गाड्यांच्या आवारात गेली. गाडी कोपऱ्यात झाडाखाली होती. पुढची दोन्ही चाकं नव्हती. इंजिन तपासणीसाठी काढून नेलं होतं आणि त्या रिकाम्या जागेत खालून गवत वर आलं होतं. फुटक्या खिडकीतून वाकून तिनं फोटो काढला. काटा पंचाण्णववर, खाली ६२३१८.

फोटोत ऊन चमकलं म्हणून मंगळवारी पुन्हा गेली. काटा तिथेच. आकडा ६२३३२.

चौदाचा फरक. ती तडक कारकुनाच्या टेबलापाशी गेली.

"गाडी कुणी हलवली? पुराव्याशी खेळ चाललाय का इथे?"

कारकुनानं चहाचा कप बाजूला सारला. "ताई, तिला चाकं तरी आहेत का? चालवून दाखवा, मी राजीनामा देतो."

फणफणतच ती हॉस्पिटलात पोचली. आई तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"दुपारी कुणीतरी खिडकीखाली गाडी आणून उभी करतं गं. इंजिन बंदच करत नाही मेला. डोकं उठतं. आणि तो जळक्या रबराचा वास."

खिडकीखाली गाडी शिरेल एवढी जागाच नव्हती. समोर हातभरावर दुसरी भिंत. तरी ती खाली जाऊन वॉचमनला झाडून आली. कुणावर तरी ओरडायला हवंच होतं.

बुधवारी ६२३४६. पुन्हा चौदा. हॉस्पिटलातून निघताना तिनं स्कूटरचा आकडा पाहून ठेवला होता. इथवर सात किलोमीटर भरले होते. जायचे सात, यायचे सात. गणित जुळत होतं, आणि त्याचाच तिला संताप आला.

कारकून कागद घेऊन मागे उभा होता. आज तो विनोद करत नव्हता.

"ताई, खरं सांगू? दुपारचा मी या कोपऱ्यात फिरकत नाही. सावलीत उभी असते, तरी बॉनेट तापलेलं असतं. भंगारवाला आलाय. गाडी भंगारात द्यायला तुम्ही घेतलेली हरकत मागे घ्या, एक सही करा. तासाभरात चेपून टाकतील तिला."

"त्या ड्रायव्हरनं पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही हो, ताई."

तिनं कागद टराटरा फाडला. "ही गाडी कोर्टात उभी राहणार. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

गुरुवारी सकाळी आईला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग मांडला.

"इथे नाही ना गं येणार तो?"

"येऊ दे. तंगडी तोडून हातात देईन."

तीन फोटोंत तीन आकडे म्हटल्यावर वकील वैतागले होते. समोरचा वकील फाडून खाईल, आता कारकुनाच्या सहीनिशी नवा फोटो आणा, म्हणाले. आईला उठता येत नव्हतं आणि शेजारच्या काकू अधूनमधून डोकावणार होत्या, म्हणून तिनं दार नुसतं लोटून घेतलं आणि निघाली.

चार वाजता गाडी त्याच कोपऱ्यात होती. तिनं बॉनेटवर हात ठेवून पाहिला. गार होतं.

सवयीनं नजर आधी आकड्यावर गेली. ६२३५०.

"चारच?" कारकून मागून म्हणाला. "दमली वाटतं."

चार. घरापासून इथवर चारच किलोमीटर होते. जायचे चार.

यायचे चार कुठे होते?

फोन वाजला. आईचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा वाटत होता.

"अगं, आलाच होता बघ तो. पण आज बंद केलं इंजिन. सुटले एकदाची."

तिनं वाकून पुन्हा आत पाहिलं. वेगाचा काटा शून्यावर होता.

"आई, ऐक—"

"थांब हं," आई म्हणाली आणि फोन जरा दूर धरून कुणाला तरी हाक दिली, "या ना, दार उघडंच आहे."