पामच्या सुरळीवरचं कुंकू

मल्हारची नि माझी पहिली भेट बादलीवरून झाली. बंगळुरातलं राजाजीनगरचं घर विकून आम्ही बनशंकरीच्या सोसायटीत आलो, तेव्हा आईनं लावलेला माझ्याएवढा पामही अप्पांनी टेम्पोतून आणला. आई गेली होती. झाड मागे ठेवणं त्यांना जमेना. आवारात लावल्यावर मात्र त्याच्या सगळ्या झावळ्यांनी माना टाकल्या. मी धास्तावून बादली ओतत होते, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, तो आत्ताच प्यायलाय. मीच पाजलं."

वळून पाहिलं... हातात रिकामी बादली आणि चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त काळजी. पुण्याहून आलेला, दुसऱ्या मजल्यावरचा. व्हाइटफील्डच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये शिजून येणारा हा माणूस परक्या झाडाला पाणी घालतो, याचं मला हसू आलं. आवडलंही.

मग संध्याकाळचं पाणी आम्ही दोघं मिळून घालू लागलो. झुकली तरी हिरवी झावळी कापायची नाही, झाड तिच्यावरच जगतं, असं मी शिकवायचे. तो झाडाऐवजी माझ्याकडे बघत मान डोलवायचा.

झाड लागलं की नाही, हे ओळखायची अप्पांची रीत होती. मधली नव्या झावळीची मिटलेली सुरळी आणि शेजारचा देठ, दोन्हींवर एका रेषेत तेलात कालवलेल्या कुंकवाचे ठिपके द्यायचे. सुरळीचा ठिपका वर सरकला, की झाडानं मूळ धरलं. अप्पा रोज न्याहारीआधी बघून यायचे. ठिपके आपले एका रेषेत.

शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्या काढून टाकू. तुझ्या आईच्या झाडाला इथली माती मानवली नाही." माझा घास हातातच राहिला. इतके खचलेले अप्पा मी आई गेली तेव्हाच पाहिले होते.

उजाडताच मी झाडाचा निरोप घ्यायला खाली गेले, तर तिथे मल्हार... खांद्याला ऑफिसची बॅग, बोटाला कुंकू.

"हे काय करताय?"

"तुमची पूजा..." तो ओशाळला. "सुरळीवरचा ठिपका रोज जरासा वर जातो. मी पुसून पुन्हा रेषेत लावतो. पूजा मोडली म्हणून अप्पांना वाईट वाटायला नको."

मी कपाळावर हात मारला. "रोज? किती वर जातो?"

त्यानं करंगळीचं नख दाखवलं.

रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले. अप्पांना हाका मारून खाली आणलं, सगळं सांगितलं. त्यांनी सुरळीवरून हात फिरवला, मग मल्हारकडे बराच वेळ पाहिलं. "स्वल्प वेडाच दिसतो हा मुलगा," म्हणाले आणि डोळे पुसत वर गेले.

गेटवर ऑफिसची कॅब हॉर्न वाजवत होती. तो हलेना.

"आता ठिपक्याला हात लावायचा नाही," मी दटावलं.

"मग सकाळी खाली कशाला येऊ, रक्षिता?"

"माझ्यासाठी ये—" बोलून गेले, आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

कॅब तशीच निघून गेली. वर पोचलो, तर अप्पांनी कॉफीचे तीन पेले काढून ठेवले होते.