आठ आणि नऊच्या मधली पायरी

ही गोष्ट खरी आहे.

मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं, त्यामुळे माझ्या 'खरी आहे'ला बाजारात काय भाव येतो ते मला माहीत आहे. तरी सांगतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मला ठेवावा लागला, तुमच्यावर तशी सक्ती नाही.

तारीख १६ मे २०२४, गुरुवार. जागा, जुळे सोलापूर. वेळ रात्रीची नाही...

दुपारी पावणेतीनची.

भुतांना रात्रच लागते म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी आमच्याकडे येऊन बघावं. चव्वेचाळीस डिग्री. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. कावळासुद्धा चोच उघडी टाकून गप्प बसलेला.

अशा वेळी मी माझ्या मेलेल्या मित्राच्या घराचं कुलूप उघडत होतो.

मित्र म्हणजे वेणीमाधव. तंत्रनिकेतनात शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने 'पाटी' नावाची लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे; इतर प्रोग्रामवाल्यांना आयता वापरता यावा असा प्रोग्रामचा तुकडा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आजच्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसत्या किडामुंग्या दिसतात. 'पाटी' त्यांची पुन्हा अक्षरं करते. फुकट. कुणीही घ्यावी, कुणीही सुधारावी. मैंदर्गीचं एक वाचनालय, दोन छापखाने, कुठले कुठले विद्यार्थी, बरेच जण तिच्यावर अवलंबून होते.

काम आम्ही दोघांत वाटून घेतलं होतं. नवी आवृत्ती बांधून बाहेर पाठवणाऱ्या आज्ञांच्या फायली, म्हणजे स्क्रिप्ट, त्याच्या. ते सगळं कसं करायचं, हे पायरीपायरीने मराठीत लिहून ठेवणं माझ्याकडे. त्याला आम्ही 'वही' म्हणायचो. असायची कॉम्प्युटरवरच.

बायको जाऊन मला नऊ वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. दिवसभरात माझ्याशी बोलणारे दोनच, वेणीमाधव आणि रेडिओ. त्यातला रेडिओ ऐकून घ्यायचा नाही.

आमची एक पद्धत होती. नवी आवृत्ती काढायची म्हणजे मी वही मोठ्याने वाचायची आणि त्याने तेवढंच करायचं. लिहिलंय तेवढंच. एकदा मी 'एंटर दाबा' लिहायला विसरलो, तर हा पठ्ठ्या वीस मिनिटं मांडीवर हात ठेवून बसला.

"अरे, दाब की एंटर!"

"लिहिलंयस कुठं, सुबोध?"

एकदा मात्र त्याने माझ्या वहीत परस्पर दुरुस्ती केली. मी रागाने आठ दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही. त्यानंतर त्याने माझ्या वहीला हात लावला नाही.

त्याचा सूड म्हणून मी अकरावी पायरी घातली. 'वेणीमाधव हं म्हणेपर्यंत थांबा. घाई करू नये.'

कारण सगळं पार पडलं की तो चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघायचा, बघायचा, आणि मग नाकातून एक 'हं' सोडायचा. ते आलं म्हणजे काम झालं.

फेब्रुवारीत तो गेला. झोपेतच.

मागे अडचण ठेवून गेला. 'पाटी'च्या प्रत्येक आवृत्तीवर कॉम्प्युटरची एक सही लागते. ती नसेल तर इतरांची मशीन नवी आवृत्ती स्वीकारतच नाहीत. ती सही फक्त वेणीमाधवच्या मशीनमध्ये, आणि तिथून काढून नेता येत नाही. दुधनीची श्रावणी, वेणीमाधवची विद्यार्थिनी, आता बंगळुरात नोकरी करणारी मुलगी, पुढचं काम बघायला तयार होती. पण त्यासाठी एक शेवटची आवृत्ती जुन्या सहीने निघायला हवी होती. तिच्यात लिहिलेलं असणार, यापुढे श्रावणीची सही चालेल. ती निघाली नाही, तर 'पाटी' कायमची बंद.

मी तीन महिने आज-उद्या केलं. त्या खोलीत एकट्याने बसायचं धाडस होईना.

शेवटी वेणीमाधवच्या बायकोने, अनसूयावहिनींनीच, तारीख ठरवली. त्या घर मोकळं करून मुलीकडे हैदराबादला निघाल्या होत्या. शेजारच्या महेश्वरीबाईंच्या दारात त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली.

"भाऊजी, चारला टेम्पो येतोय. तुमचं काय असेल ते तेवढ्यात उरका की."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो वसतिगृहाला दिलाय. ते म्हणाले, आधी आतलं सगळं पुसून घेऊ." त्या दाराशीच टेकल्या. "मी येत नाही आत. तुम्ही आत वाचायला लागलात की हे शेजारी बसलेत असंच वाटेल. इथूनच ऐकते."

घर रिकामं होतं. भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी जागा तेवढी पांढरी. मधल्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, पंखा आणि दोन खुर्च्या. एक त्याची, एक माझी.

मी माझ्या खुर्चीत बसलो. मग लक्षात आलं, कीबोर्ड त्याच्यासमोर आहे.

कीबोर्ड माझ्याकडे ओढून घेतला. त्याच्या खुर्चीत बसलो नाही.

सवयीने मोठ्याने वाचायला लागलो. पहिली पायरी. दुसरी. वाचायचं, मग एका बोटाने टाइप करायचं. आवाज रिकाम्या खोलीत घुमत होता. सहावीपर्यंत बरं चाललं.

आणि मग... पंखा थांबला.

लाईट गेली होती. टेबलाखालची बॅटरी ओरडायला लागली. टीं... टीं... टीं... तिच्यावर कॉम्प्युटर आणि इंटरनेट चालतं जेमतेम वीस मिनिटं. लाईट परत कधी येईल, हे खुद्द लाईटलाही माहीत नसतं.

सातवी केली. आठवीही केली. आठवी म्हणजे जुनं सगळं पुसून टाकायचं. नववीत नवं बांधायचं. नववी टाइप केली.

पडद्यावर लाल इंग्रजी ओळी आल्या. पुढे काही होईना.

मी श्रावणीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि लाल ओळी वाचून दाखवल्या.

"काका, आठ आणि नऊच्या मधी काहीतरी राहिलंय. तुमच्या वहीत नाहीच ते."

"वहीत सगळं आहे. तेवीस आवृत्त्या काढल्यात आम्ही त्याच वहीवर."

"मग सर मधी हातानं काहीतरी करत असणार."

"वेणीमाधव? लिहिल्याशिवाय तो एंटर दाबायचा नाही."

"करत होते की काका," ती हळूच म्हणाली. "त्याबिगर पुढं जाणारच नाही हे."

 बॅटरीचं ओरडणं भरभर व्हायला लागलं होतं.

"आठपासून परत वाचा बघू. मोठ्यानं. मी हितं स्क्रिप्ट उघडून बघते."

मी आठवी वाचली. टाइप केली. घाम डोळ्यांत उतरला, म्हणून चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

तेवढ्यात...

टक. टक टक टक. टक.

मला वाटलं, बॅटरी.

चष्मा चढवला. आठवीच्या खाली एक ओळ जास्त होती. ती आठवीचीच असेल म्हणून मी नववी वाचली, टाइप केली, डोळे मिटून एंटर दाबलं.

पांढऱ्या ओळी सरसर वर जायला लागल्या.

"चाललं!" श्रावणी ओरडली. "काय केलंत काका?"

"काही नाही. वाचलं."

दहावी पायरी सहीची. सहीही झाली.

"आता अकरावी..." श्रावणीपुढेही वही उघडी होती. ती हसली. "काका, हे काय लिहिलंय?"

मी सांगितलं. सांगताना मलाही हसू आलं, मग आलं नाही.

"मग थांबू या की," ती म्हणाली. "लिहिलंय तर."

आम्ही थांबलो. ती बंगळुरात, मी इथे. बॅटरीचं ओरडणं आता एकसलग झालं होतं. बाहेर काहीच आवाज नव्हता. बाजूची खुर्ची... नुसती खुर्ची होती. मी नीट बघितली.

"झालं," श्रावणी म्हणाली. "बारावी घ्या."

"झालं कशावरून?"

"तुम्ही 'हं' म्हणालात की आत्ता."

मी म्हणालो नव्हतो.

मी तोंड उघडलंच नव्हतं. मी ऐकलंही नव्हतं. इतकी वर्षं त्याच्या डाव्या हाताला बसून मी ते 'हं' ऐकलं, आणि त्या दिवशी ते मला सोडून बंगळुरात ऐकू गेलं.

बारावी पायरी 'पाठवा'. मी एंटर दाबलं. पडद्यावर 'पोहोचलं' अशी ओळ उमटली आणि बॅटरी संपली.

पडदा काळा. खोलीत शांतता.

दाराला कडी घालताना वहिनी समोर उभ्या होत्या. "झालं ना तुमचं?" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी मला दुसरं काही विचारलं नाही. त्या मघापासून शेजारच्या दारातून ऐकत होत्या, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

'पाटी' वाचली. सही बरोबर निघाली. मैंदर्गीच्या वाचनालयाचं आभाराचं पत्र आलं, त्यात माझं आडनाव चुकलं होतं.

चार दिवसांनी श्रावणीचा फोन आला. बांधणी करताना मशीन आपली नोंद ठेवतं आणि ती आवृत्तीबरोबर पाठवतं. आठ आणि नऊच्या मध्ये एक आज्ञा होती, नवा फोल्डर तयार करण्याची. तीन वाजून नऊ मिनिटं.

"तुम्ही नाही टाकली?"

"मला ती येतच नाही."

"काका, मी जुन्या नोंदी पण बघितल्या." ती म्हणाली. "तेवीसच्या तेवीस आवृत्त्यांत हाय ती ओळ. दर खेपेला."

म्हणजे सहा वर्षं मी वाचत होतो, वहीकडे बघत होतो, आणि हा माणूस माझ्या नजरेआड एक ओळ टाकत होता. माझी चूक झाकत होता. सांगितलं असतं तर मी पुन्हा आठ दिवस आलो नसतो.

एंटरसाठी वीस मिनिटं बसणारा माणूस. नाटकी मेला.

"आता वहीत घालू का ती पायरी?" श्रावणीने विचारलं.

"घाल."

"आणि अकरावी काढू?"

"ती राहू दे."

आता त्या घरात दुसरी माणसं राहतात. कॉम्प्युटर पुसून वसतिगृहात लागलाय, आणि तिथून कसलीही तक्रार नाही. मी मुद्दाम जाऊन विचारून आलो.

तेव्हापासून मी मोठ्याने वाचत नाही. पेपर मनात वाचतो. पत्रं मनात. इतक्या शांत घरात राहायची सवय व्हायला वेळ लागतो, पण होते.

परवा मात्र चुकलो. दुपारची वेळ. खोकला लागला होता. औषधाची नवी बाटली आणली, सील तोडलं आणि टेबलावर ठेवली. बारीक अक्षर दिसेना, म्हणून भिंग आणायला आतल्या खोलीत गेलो. बाटलीचा खोका हातातच होता. तिथेच खिडकीशी उभं राहून वाचलं, आणि वाचलं ते तोंडाने.

"वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवून घ्यावी."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला... खळखळ... खळखळ.

मग थांबला.

मी बऱ्याच वेळाने बाहेर आलो. बाटली होती तिथेच होती. आतल्या औषधावर बोटभर फेस आला होता.

खोक्यावर पुढची ओळ आहे, 'दोन चमचे घ्यावे.' ती मी तोंडाने वाचलेली नाही.

खोकला अजून आहे.