झोपेचा करार

भरदुपारी सागवे बंदर इतकं निपचित पडलेलं असे की रस्त्याने जाताना रघुवीर तारीला आपल्या चपलांच्या आवाजाचीच लाज वाटायची. शाळेला कुलूप, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, होड्या वाळूत पालथ्या घातलेल्या. घरोघरची माणसं निद्रागृहात झोपलेली. सबंध किनारपट्टी अशीच झोपत होती, कारण देशाची मुख्य निर्यात आता झोप हीच होती.

माणूस गाढ झोपला की मेंदूत एक रस तयार होतो आणि दिवसभराचा शीण धुऊन नेतो. शास्त्रज्ञांनी तो रस काढून साठवायची रीत शोधली आणि त्याला निद्रासत्त्व असं नाव दिलं. ते टोचून घेणाऱ्याला झोपायची गरजच उरत नसे. ज्याचं सत्त्व काढलं, तो मात्र जितका दमून आडवा झाला तितकाच दमलेला उठे, आणि त्याला स्वतःसाठी पुन्हा वेगळं झोपावं लागे. उत्तरेकडच्या द्वीपराष्ट्रातली माणसं हे सत्त्व घेऊन अखंड जागी राहत. बदल्यात ती धान्य पाठवत, औषधं पाठवत, मासळीसुद्धा पाठवत.

ती मासळी यायला लागली तशा इथल्या होड्या बंद पडल्या, आणि त्यांची इंजिनं दुरुस्त करणारा रघुवीर रिकामा झाला. त्याची बायको शेवंती शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद झाल्यावर तिने निद्रागृहाची वाट धरली. आता ती संध्याकाळी जेवणापुरती जागी असे, आणि तेव्हाही तिचा घास हातात तसाच राही.

आज सकाळी त्यांच्या केतकीने सांगितलं, "बाबा, मीपण निद्रागृहात नाव देणार आहे." सोळावं सरलं होतं तिचं. रघुवीर तडक निद्रागृहात गेला.

तिथल्या प्रमुख डॉक्टर हेमांगी सबनीस द्वीपराष्ट्राशी झालेला झोपेचा करार लिहिणाऱ्या समितीत होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"डॉक्टरबाई, एवढंच सांगा. ते उत्तरेचे लोक झोपले, तर आमच्यापेक्षा वाईट झोपतील का?"

"नाही. उलट चांगलं झोपतील. थंड हवा, पोटभर खाणं. त्यांच्या एका तासाच्या झोपेत आपल्यापेक्षा जास्त सत्त्व निघेल."

"मग झोपू दे की त्यांनाच!"

"मिस्त्री, तुमच्या कारखान्यात मेहुणा होता ना हाताखाली? सुटे भाग घासून साफ कोण करायचं?"

"तोच."

"तुमच्यापेक्षा चांगले करायचा?"

"छे! मी निम्म्या वेळात केले असते. पण मी घासत बसलो तर इंजिनं कोण जोडणार?"

"झालं तर. तुम्ही दोन्ही कामांत सरस होतात. त्याला आम्ही निरपेक्ष लाभ म्हणतो. पण घासण्यात गेलेला तुमचा तास महाग पडायचा, त्याचा स्वस्त. कोण काय चांगलं करतं यावर व्यापार ठरत नाही. ते करताना कोणाला कमी गमवावं लागतं, यावर ठरतो. हा तुलनात्मक लाभ. त्यांचा माणूस तासभर झोपला तर एक यंत्र अडतं. आपला झोपला तर…"

"तर काहीच अडत नाही," रघुवीर म्हणाला.

"कमी अडतं," डॉक्टरांनी दुरुस्ती केली. "आणि दोन्ही देशांचं पोट आधीपेक्षा जास्त भरतं. हे खोटं नाही, मिस्त्री."

खोटं नव्हतंच. घरात धान्य होतं. तरी रघुवीरने हट्टाने शेवंतीला रजा घ्यायला लावली. ती आधी पोटभर झोपली, स्वतःसाठी. मग एक दिवस ताजीतवानी होऊन केतकीला बीजगणित शिकवायला बसली. रघुवीर उंबऱ्यात बसून ऐकत होता. किती वर्षांनी तो आवाज ऐकत होता!

"आता ही संख्या या बाजूची त्या बाजूला नेली, की…" शेवंती थांबली. खडू पाटीवर तसाच टेकलेला. "की काय होतं गं?"

केतकीला वाटलं आई प्रश्न विचारतेय. मग तिने आईचा चेहरा पाहिला.

"राहू दे आई, उद्या करू."

उद्याही तेच झालं, आणि पुढेही. अखेर शेवंतीने पाटी पुसून ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला तिथेच जाऊ द्या. तिथे निदान माझं काही चुकत नाही."

रघुवीर पुन्हा डॉक्टरांसमोर उभा राहिला. "तुम्ही सत्त्वाबरोबर तिचं गणितही काढून घेतलंत."

"काढलं नाही. वापर थांबला की मेंदू ते सोडून देतो." त्या पुढे म्हणाल्या, "करार केला तेव्हा शेवंतीबाईंच्या झोपेपायी एक वर्ग बुडला असता. आम्ही तो धरला होता हिशेबात. आज त्यांच्या झोपेपायी काहीच बुडत नाही. म्हणजे ज्याचं कमी बुडतं त्याने झोपावं, हा आमचा नियम तेव्हा होता त्यापेक्षा आज जास्त खरा आहे. हे मात्र आम्ही धरलं नव्हतं."

केतकी निद्रागृहात नाव द्यायला आली त्या दिवशी रघुवीर सोबत होता. करारात एक अट होती. जागेपणी ज्याच्या हातून मोलाचं काम होईल, त्याला निद्रागृहात घ्यायचं नाही. म्हणून डॉक्टर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत.

"झोपली नाहीस, तर काय करशील?"

"इंजिन खोलता येतं म्हण," रघुवीर कुजबुजला. "मी शिकवीन तुला."

केतकीने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "कुणाचं इंजिन, बाबा?"

मग ती डॉक्टरांना म्हणाली, "काही नाही."

तिला आईशेजारची खाट मिळाली. परिचारिकेने कपाळाला पट्टी लावली, आणि रघुवीर दारापर्यंत पोचण्याआधीच केतकीचा श्वास संथ झाला. डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ पाहिली आणि त्यांना राहवलं नाही.

"अशी झोप मी आजवर पाहिली नाही. फार गुणी मुलगी आहे तुमची."

आजवर कोणी केतकीचं असं कौतुक केलं नव्हतं. रघुवीरचा ऊर भरून आला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला तिच्या झोपेचा अभिमान वाटला होता.